कोकणातल्या गुहांचे व्हिडिओ: भरती बघण्यापासून अपलोड करण्यापर्यंत

माझ्या पहिल्या गुहेच्या व्हिडिओत ११ मिनिटांपैकी ९ मिनिटं बाळ्याच्या पँटचा मागचा भाग दिसतो. उरलेली २ मिनिटं पांढरीफट्ट भिंत आणि माझा धापा टाकण्याचा आवाज. आमच्या घरी तो बघून आईने विचारलं, "हे कुठल्या बाथरूममध्ये शिरलात रे?" गुहेतला अंधार डोळ्यांना जसा दिसतो तसा तो मोबाइलला दिसत नाही, हे कळायला मला त्यानंतर दोन उन्हाळे लागले. आणि काय दाखवायचं यापेक्षा काय अंधारात ठेवायचं हे महत्त्वाचं, हे कळायला त्याहून जास्त.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची बरीच मुलं हल्ली डोक्याला बॅटरी बांधून बिळांत शिरतात आणि घरी येऊन व्हिडिओ टाकतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय, मी ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने.

गुहा कुठल्या जातीची, ते आधी बघा

कोकणात "गुहा" म्हणून चार वेगळ्या गोष्टी खपतात आणि प्रत्येकीची तयारी वेगळी.

पहिली सड्याखालची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराखालची. आपला जांभा दगड सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं, खालच्या मऊ मातीच्या थराला अडतं आणि आडवं वाहू लागतं. वाहताना माती घेऊन जातं. वर्षानुवर्षं माती गेली की वर जांभ्याचं कडक छप्पर आणि खाली पोकळी उरते. सड्याच्या कडेला जिथे बारमाही झरा फुटतो तिथे आत असं बीळ असण्याची शक्यता मोठी. या गुहा बुटक्या, चिखलाच्या आणि ओल्या असतात. त्यांचं छप्पर तुकड्या-तुकड्यांनी खाली येतं. जमिनीवर ताज्या, तांबड्या, धारदार कडांचे दगड पडलेले दिसले तर समजा की ते नुकतेच वरून आलेत. तिथे ट्रायपॉड लावायचा नाही.

दुसरी समुद्राची. काळ्या कातळातल्या उभ्या भेगेत लाटा पाणी आणि हवा दाबत राहतात आणि भेग रुंदावते. हेदवीची बामणघळ बघितली असेल तर हे वेगळं सांगायला नको. अरुंद घळीत भरतीचं पाणी शिरतं आणि कारंजं होऊन वर उडतं. चित्रणाला याच्याइतकं देखणं काही नाही आणि याच्याइतकं फसवं पण काही नाही.

तिसरी घाटाकडच्या कड्यांतल्या घळी आणि कपारी. यातल्या कितीतरी ठिकाणी देव आहेत. चौथी लेणी, म्हणजे माणसाने खोदलेली. दापोली तालुक्यातलं पन्हाळेकाजी (२९ लेणी, बौद्धांपासून नाथपंथापर्यंतचा सगळा प्रवास एकाच ओढ्याकाठी), रायगडातली कुडा लेणी, महाडजवळची गांधारपाले. इथे रांगावं लागत नाही, चिखल नाही, आणि व्हिडिओ शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. माझं ऐकाल तर पहिले पाच व्हिडिओ लेण्यांचेच करा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण शीर्षकं बघून डोकं फिरतं. मेघालयात क्रेम लियात प्राह ही गुहा ३० किलोमीटरांहून लांब आहे, कारण तिथे चुनखडी आहे आणि चुनखडी पाण्यात विरघळते. आपल्याकडे काळा कातळ आणि जांभा. इथे शंभर-दीडशे फूट आत गेलो तरी आम्ही खूश असतो. तेव्हा "कोकणातील रहस्यमय महागुहा, शेवट कुणालाच माहीत नाही" असलं काही लिहू नका. शेवट गावातल्या प्रत्येक गुराख्याला माहीत असतो.

परवानगी, आणि गाऱ्हाणं

लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असतील तर मोबाइलवर चित्रण करायला सहसा कुणी अडवत नाही, पण ट्रायपॉड, दिवे, मोठा कॅमेरा म्हटलं की लेखी परवानगी लागते. कार्यालयात आधी अर्ज द्या. तिथल्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका, नियम त्याने केलेला नाही. वनखात्याच्या हद्दीत असेल तर वनरक्षकाला सांगा. खाजगी बागेतून वाट जात असेल तर बागवाल्याला विचारा, आंब्याच्या दिवसांत तर नक्कीच. कलमांच्या बागेत डोक्याला बॅटऱ्या लावलेली चार पोरं पहाटे दिसली तर राखणदार आधी दगड मारील आणि मग नाव विचारील. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण खरी परवानगी गावाची. कोकणातलं बीळ सहसा कुणाचं तरी असतं. जागेवाला, राखणदार अशा जागा सांभाळणाऱ्या देवांचं, ग्रामदेवतेच्या मूळ स्थानाचं. तुमचा विश्वास असो नसो, गुरवकाकांकडे जा, चहा घ्या, नारळ द्या. एका गावात आम्ही असेच गेलो तेव्हा काकांनी बिळाच्या तोंडाशी उभं राहून गाऱ्हाणं घातलं. "...ही पोरां तुज्या दारात इली हत, त्यांका सुखरूप भायर काड रे महाराजा." मागून आम्ही चौघे "व्हय महाराजा." मी मोबाइल काढला तसे काका थांबले. "ह्यां नको घेव. भुतूर काय्येक घे, ह्यां नको." मी ठेवून दिला. बिळात गेल्यावर त्यांनीच आम्हाला एक कोनाडा दाखवला जो आम्ही त्याआधी दोनदा बाजूने गेलो तरी दिसला नव्हता. तिथे कॅमेरा चालवू दिला.

देवाच्या गुहांत आणखी एक पथ्य. दाभोळच्या चंडिकेसारखी, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात दर्शन घ्यायची ठिकाणं आहेत. अशा ठिकाणी एलईडीचा झोत मारणं म्हणजे त्या जागेचं जे आहे तेच घालवणं. आधी विचारा. नाही म्हणाले तर बाहेर या आणि जे पाहिलं ते शब्दांत सांगा. ऐकणारा ऐकतो.

भरतीचं गणित तोंडपाठ हवं

समुद्राच्या गुहेत जायचं असेल तर हा भाग दोनदा वाचा.

आमच्याकडचे तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य खलाशी, भरती तिथीवरून काढतात. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला ८ × ३ ÷ ४ = ६, म्हणजे सहाला. पौर्णिमेला १५ × ३ ÷ ४, म्हणजे सव्वाअकराला. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली.

हे झालं वेळेचं. पाणी किती खाली जाणार ते वेगळं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा भरतीला पाणी खूप चढतं आणि सुकतीला खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. भांगाच्या दिवशी गेलात तर गुहेचं तोंड उघडंच पडायचं नाही.

आता हे दोन्ही जोडा. पौर्णिमेला सुकती पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. एकदा आम्ही याच हिशेबाने संध्याकाळी साडेपाचला आत शिरलो. पाणी उतरलेलं, खडक उघडे, सोनेरी ऊन, झकास. दीड तासाने बाहेर आलो तर अंधार पडलेला आणि ज्या खडकांवरून उड्या मारत आलो होतो त्यांच्यावरून पाणी कंबरेपर्यंत. कॅमेऱ्याची पिशवी डोक्यावर धरून, कालवांनी पोटऱ्या फाडून घेत, एकमेकांचे हात धरून आम्ही वळसा पार केला. त्यातलं एक सेकंदही चित्रण नाही. ते बरंच.

चूक साधी होती. सुकतीच्या वेळेला आत शिरायचं नसतं, सुकतीच्या वेळेला बाहेर असायचं असतं. पाणी ओसरत असताना शिरा, ते वळायच्या आत काम आटपा. आणि दिवस निवडा द्वितीया-तृतीयेचा. द्वितीयेला भरती दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे त्याआधीची सुकती सकाळी सव्वासातच्या आसपास. उधाणाचा जोर अजून असतो, पाणी चांगलं खाली जातं, आणि पुढे सगळा दिवस उजेड. सहाला शिरायचं, सातला बाहेर. गणिताने दिवस ठरवा, पण वेळ जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करा. गुहेचं तोंड मागे वळलेलं असेल, खाडी जवळ असेल तर फरक पडतो. म्हणून नेहमी त्या किनाऱ्यावरच्या मासेमाऱ्याला विचारायचं. तो एक नजर समुद्राकडे टाकील आणि "आज नको" म्हणेल. मग खरंच नको. लांबून येणाऱ्या लाटा तक्त्यात नसतात, त्याच्या डोळ्यांत असतात.

जून ते सप्टेंबर समुद्राची गुहा विषय बंद. सड्याखालच्या बिळांनाही पावसात हात लावू नका. २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले ते आत गेल्यावर पाणी वाढल्यामुळेच. पाऊस सड्यावर दोन किलोमीटर लांब पडला तरी पाणी तुमच्याच बिळात येतं. नोव्हेंबर ते एप्रिल हे आपले दिवस. मेमध्ये वळवाचं ढग दिसलं की बाहेर.

कोण बरोबर, काय बरोबर

चौघांपेक्षा कमी नको, सहांपेक्षा जास्त नको. एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ बसतो आणि दोघे मदतीला जातात, म्हणून चार. गावातल्या एकाला सांगून ठेवायचं: "अकरापर्यंत फोन नाही आला तर माणसं घेऊन या." वेळ कागदावर लिहून द्यायची. १०८ आणि ११२ ठाऊक हवेत, पण बिळात रेंज नसते. त्या कागदाचा भरवसा जास्त.

प्रत्येकाकडे तीन उजेड. एक हेल्मेटवर, एक खिशात, एक पिशवीत. मोबाइलची टॉर्च मोजायची नाही, कारण मोबाइल शूटिंग करत असतो. हेल्मेट हवंच. जांभ्याला डोकं आपटलं की कातडी किसणीवर घासल्यासारखी निघते. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. एन-९५ मास्क वटवाघळांच्या गुहेसाठी हवाच हवा, त्यांच्या विष्ठेतल्या बुरशीने फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) आपल्याकडे काही नवीन नाही.

श्वास जड वाटला, डोकं दुखायला लागलं, विनाकारण धाप लागली तर चर्चा न करता मागे फिरायचं. खोलगट, बंद, वटवाघळांनी भरलेल्या बिळात कार्बन डायऑक्साइड साठतो. तो जड असतो, तळाशी बसतो, आणि रांगताना तुमचं नाक तळाशीच असतं.

फुरसं हा विषारी साप विसरू नका. दगडाखाली हात घालायचा नाही, आधी काठी. आणि लेण्यांच्या कपाळावर आग्या मोहोळ आहे का ते शंभर पावलांवरून बघा. असेल तर अत्तर नको, धूर नको, ड्रोन तर अजिबात नको. ड्रोनचं म्हणाल तर २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमवरच्या ड्रोनची नोंदणी लागते आणि नकाशावर क्षेत्र तपासावं लागतं. किनाऱ्यावर विमानतळ आणि तटरक्षक दलाची ठाणी आहेत हे लक्षात ठेवा. गुहेच्या आत उडवू नका. आत जीपीएस नाही, ड्रोन भरकटून भिंतीला जाऊन धडकतो आणि वटवाघळं जागी होतात.

उजेड

इथेच व्हिडिओ बनतो किंवा बिघडतो, म्हणून जरा सावकाश.

नवशिक्याची चूक एकच: कॅमेऱ्याच्या शेजारून झोत मारणं. हेल्मेटवर बॅटरी आणि छातीशी मोबाइल असला की तेच होतं. उजेड समोरून पडतो, सावल्या दगडांच्या मागे लपतात, आणि सगळी गुहा चुना लावलेल्या भिंतीसारखी सपाट. दगडाचा खडबडीतपणा दिसतो तो सावलीमुळे. उजेड बाजूने हवा, नाहीतर मागून.

असं करून बघा. गुहेला जिथे वळण आहे तिथे मोबाइल ट्रायपॉडवर लावा. सगळ्यांनी हेल्मेटच्या बॅटऱ्या बंद करायच्या. एकाने वळणापलीकडे जाऊन तोंड पलीकडे करून उभं राहायचं आणि बॅटरी पोटाशी धरून समोरच्या भिंतीवर मारायची. आता कॅमेऱ्याला बॅटरी दिसत नाही, माणसाची काळी आकृती दिसते, तिच्या कडेने उजेडाची रेघ, आणि वळणाच्या भिंतीवर जांभ्याचं भोक न् भोक उठून येतं. तो माणूस तीन पावलं चालला की सावल्या सगळ्या गुहेभर फिरतात. हाच तो शॉट. दहा सेकंदांचा, पण बघणाऱ्याला गुहा किती मोठी ते कळतं, कारण मोजायला माणूस आहे.

दुसरा उजेड कॅमेऱ्यापासून हातभर लांब, बाजूला, जमिनीवर. त्याच्यावर पातळ पांढरा रुमाल टाका, मऊ होतो. दोनच उजेड पुरतात. तिसरा आला की लग्नाचा मांडव होतो.

मोबाइलचं ऑटो बंद करा. आपोआप चालू ठेवलं तर कुणाची बॅटरी जराशी हलली की चित्र कधी उजळ कधी काळं होत राहतं, बघणाऱ्याला मळमळतं. प्रो मोड असेल तर सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ ४०० ते ८००, व्हाइट बॅलन्स ५००० च्या आसपास पक्का करून ठेवा. प्रो मोड नसेल तर पडद्यावर उजळ भागाशी बोट दाबून धरा, कुलूप पडतं. आयएसओ त्याहून वर नेण्याचा मोह होईल. नेऊ नका, काळ्या भागात मुंग्या आल्यासारखे ठिपके वळवळतात. काळं काळंच राहू द्या.

स्वस्त बॅटऱ्या मंद ठेवल्या की प्रत्यक्षात भराभर लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. घरी रात्री दिवे घालवून प्रत्येक बॅटरी उजेडाच्या प्रत्येक पायरीवर तपासून घ्या. जिथे पट्टे येत नाहीत त्या पायरीला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. माझी बहीण अजून विचारते की तिची बाटली संपली कशी.

आणि श्वास. आतली हवा इतकी दमट असते की तुमचा उच्छ्वास बॅटरीच्या झोतात धुक्यासारखा लोळतो. शॉट चालू असताना जो कॅमेऱ्याच्या मागे आहे त्याने श्वास रोखायचा. पहिल्यांदा मला वाटलं गुहेत धूर आहे, पळायच्या बेतात होतो, मग कळलं की तो मीच. लेन्सवर वाफ धरली तर पुसत बसू नका, दहा-पंधरा मिनिटं मोबाइल तिथल्या हवेत उघडा राहू द्या. एसी गाडीतून उतरून थेट आत गेलात तर हे हमखास होतं.

वटवाघळांवर पांढरा झोत नाही. लांबून, लाल उजेडात, अर्धा मिनिट, आणि पुढे. आया पिल्लं घेऊन लटकलेल्या दिसल्या तर तेवढंही नको. घाबरून उडताना पिल्लू खाली पडतं आणि पडलेलं पिल्लू बहुधा जगत नाही. संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बाजूला बसा, ती आपणहून बाहेर येतात. मावळतीच्या आभाळावर त्यांची काळी नक्षी कुठल्याही झोताशिवाय मिळते.

जमीन उकरू नका, आतली राख-माती तुडवू नका. कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत उत्खननात अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली. तुम्हाला जी घाण वाटते तिच्या थरांत कुणाची तरी चूल असू शकते. कोपऱ्यात वेगळ्या धारेचे दगड दिसले तर जागेवरच फोटो घ्या, उचलू नका, आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

आवाज

गुहेत बडबड करू नका. घुमतं आणि एक अक्षर कळत नाही. त्याऐवजी सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसता आतला आवाज घ्या. थेंब, लांबची गाज, पंखांची फडफड. हा एक मिनिट सगळ्या व्हिडिओखाली अंथरायचा. समुद्राच्या तोंडाशी माइकवर फोमची टोपी हवी, नाहीतर वारा सगळं खाऊन टाकतो.

बोलायचं ते घरी, गोधडी डोक्यावर घेऊन. आणि वेळ निवडा लाइट गेल्याची. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारची मालिका बंद. आमच्याकडे पावसाळ्यात अशा वेळेची टंचाई नसते.

तुमच्या बोलीत बोला. मी सुरुवातीला बातम्यांसारखं बोलायचो, "प्रस्तुत गुहेमध्ये आपणांस". सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तो, ज्यात मी घसरून पडलो आणि मालवणीत जे बोललो ते कापायचं राहून गेलं.

जोडणी

सुरुवात आतून करा, गाडीत बसण्यापासून नको. पहिला शॉट अंधार आणि थेंब, मग ती वळणावरची आकृती. गुहा कशी बनली ते एका मिनिटात सांगा, सड्याची माती आणि पाणी यांचं चित्र कागदावर काढून दाखवलंत तरी चालतं. सहा-आठ मिनिटं पुष्कळ झाली. जिथे कोंदट फटीतून तुम्ही पोटावर सरपटत गेलात, तो भाग काढून टाका. बघणारा चौदा वर्षांचा पोरगा एकटाच करून बघेल.

अपलोडच्या आधी: जागा पुसा

हा धडा मला महाग पडला. एका सड्यावरच्या बिळाचा व्हिडिओ टाकला. गावाचं नाव घेतलं नव्हतं, लोकेशन बंद होतं, हुशारी केली असं वाटलं होतं. पण शेवटी बाहेर आल्यावरचा एक शॉट होता, मागे दीपमाळ आणि तिच्या बाजूला वाकडी वाढलेली सातवीण. बास. महिन्याभराने तिथल्या गुरवकाकांचा फोन. "ये आणि बघ." भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटने तीन नावं आणि एक बदाम. थर्माकोलच्या थाळ्या. वटवाघळं नव्हती. काका काहीच बोलले नाहीत, नुसते बॅटरी एकेका नावावर धरत गेले. पेंट घासायला आम्हाला दोन रविवार लागले आणि जांभ्याच्या भोकांत शिरलेला अजून तिथेच आहे.

वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या बर्न्ट आयलंडच्या गुहांत पाकोळी पक्षी लाळेने घरटी बांधतात. ती घरटी विकण्यासाठी चोरली जात होती आणि ती थांबवायला निसर्गमित्रांना पहारे ठेवावे लागले. जागा माहीत होणं म्हणजे काय, याचं याहून सोपं उदाहरण माझ्याकडे नाही.

तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा, जुन्या फाइलमध्ये राहिलं असेल तर काढा. मग पूर्ण व्हिडिओ आवाज बंद करून बघा आणि फक्त मागचं बघा: डोंगराची रेघ, देवळाचा कळस, एसटीची पाटी, मैलाचा दगड, वळणावरचं हॉटेल. मग चित्र बंद करून फक्त ऐका, कुणी वाडीचं नाव घेतलंय का. माझ्या एका व्हिडिओत सगळं पुसलं होतं आणि मागे लांबून ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर गावाच्या नावासकट पाणीपट्टीची सूचना चालली होती.

लेण्यांचं मात्र उलट. पन्हाळेकाजी, कुडा, गांधारपाले, घारापुरी यांचा पूर्ण पत्ता, वाट, वेळ सगळं द्या. ती जागा लोकांनी बघायचीच आहे. घारापुरी सोमवारी बंद असते हेही लिहा, नाहीतर कुणीतरी बोटीच्या धक्क्यावरून तुम्हाला शिव्या देईल. नाव कोरणाऱ्यांसाठी एक ओळ: संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि टाकण्यापूर्वी गावाला दाखवा. मी लॅपटॉप घेऊन काकांच्या पडवीत बसतो. काकी, नातवंडं, शेजारचे दोघं. एकदा काकी म्हणाल्या, "त्यां पान्याचां दाखव नको, थंय आमी जातो." तो पाण्याचा डोह मी कापला. कारण विचारलं नाही.

टाकताना

फाइल मोठी असते. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की ४-के, ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी. आमच्याकडच्या रेंजवर ते रात्री बारानंतर लावून झोपायचं, किंवा तालुक्याला जाऊन. आधी "अनलिस्टेड" ठेवून बघा, अंधारे भाग यूट्यूब दाबतो तेव्हा काळ्यात चौकोन दिसायला लागतात. तसं झालं तर १०८० चं चित्र ४-के करून टाका, चौकोन बरेच कमी होतात.

वर्णनात 00:00 पासून सुरू करून किमान तीन टाइमस्टॅम्प लिहा, प्रत्येक तुकडा किमान १० सेकंदांचा, म्हणजे प्रकरणं आपोआप पडतात. मराठी सबटायटल स्वतः टाइप करा, यंत्राला मालवणी कळत नाही. थंबनेलवर तोंड वासलेला चेहरा आणि लाल बाण नको. तो वळणावरचा शॉटच लावा. कमाईचं विचाराल तर जाहिरातींसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचं बघणं लागतं. मला आजवर जे मिळालं त्यात पेट्रोलसुद्धा भागलेलं नाही.

"लोकेशन प्लीज" असं विचारणारे येतीलच. माझ्याकडे एक उत्तर कायम लिहून ठेवलेलं आहे: "दादा/ताई, ही जागा गावाच्या देवाची आहे, सांगता येत नाही. जवळ बघायचं असेल तर पन्हाळेकाजीला या, मी वाट दाखवतो." बरेच जण खरंच येतात. काही शिव्या देतात, त्या पुसतो.

मूळ चित्रण दोन ठिकाणी साठवा. प्रत्येक फेरीत एक शॉट अगदी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून घ्यायची सवय मी लावून घेतली आहे, खडकावर खडूची खूण न करता, दोन ओळखीच्या दगडांची रेघ जुळवून. गेल्या डिसेंबरात घरी बसून तीन वर्षांचे तीन शॉट एकापाठोपाठ लावले तेव्हा दिसलं की छपराचा एक तुकडा, साधारण तिजोरीएवढा, तिसऱ्या शॉटमध्ये वर नाही, खाली आहे. खाली जिथे आहे तिथे आम्ही दर वेळी बसून भाकरी खायचो. आता डबा बाहेर, सातविणीखाली उघडतो.